अडलेल्या मेंढीपाशी

जालना हे नाव उच्चारताच ऐकणाऱ्याच्या मनात लोखंडी सळई आणि संकरित बियाणे या दोन गोष्टी प्रथम उभ्या राहाव्यात, हे स्वाभाविकच आहे. कारण ज्या व्यापारी पेठेला लोक पूर्वापार ‘जालना सोन्याचा पालना’ म्हणत आले, त्याच पेठेत १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी स्थापन केली, आणि पुढे औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई तयार करणाऱ्या भट्ट्या इतक्या झाल्या की घर बांधणाऱ्याला जालन्याचा निराळा परिचय करून द्यावा लागत नाही. परंतु या एमआयडीसीची शेवटची भिंत जेथे संपते आणि सोयाबीन-कापसाची काढणी झालेली राने जेथे सुरू होतात, तेथे कार्तिक-मार्गशीर्षात धनगरांचे वाडे येऊन उतरतात, वाघरी ताणून त्यांत मेंढ्या बसवतात, आणि लेंडीखताच्या मोबदल्यात शेतमालकाकडून धान्य किंवा रोकड घेऊन पुढच्या रानाकडे निघून जातात, याची नोंद ना उद्योगाच्या दप्तरात सापडते ना शेतीच्या. मेंढीचा विणीचा हंगामही नेमका हाच. मृगाच्या पावसानंतर कोवळा चारा पोटात गेला की मेंढ्या माजावर येतात, सुमारे १४७ ते १५० दिवस गाभण राहतात आणि थंडीच्या ऐन तोंडावर वितात. म्हणजे ज्या काळात कळप सर्वांत अधिक चालतो आणि रात्री सर्वांत अधिक गारठा पडतो, त्याच काळात त्याचे बाळंतपण येते.

अशाच एका वाड्यावर दोन व्यक्तींचा जो संवाद मी ऐकला, तो त्यांच्या अनुमतीने येथे मांडीत आहे. एक होते वाड्याचे वडीलधारे, ज्यांना सारे आबा म्हणत. आणि दुसऱ्या परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेल्या, मेंढ्या-शेळ्यांच्या उपचारांत वर्षे घालवलेल्या एक डॉक्टरबाई. आदल्या रात्री एक पहिलारू मेंढी अडली होती. तिचे कोकरू जिवंत होते, परंतु त्याचे तोंड सुजून ओठ जाड झाले होते आणि जीभ दातांबाहेर राहत होती. ते पाहण्यासाठी बाई आल्या होत्या. कोकराला मांडीवर घेऊन त्याच्या तोंडात बोट घालीत, ते चोखते की नाही हे अजमावीत त्यांनी विचारले, “डोकं आधी आलं आणि पाय मागे राहिले, असंच ना, आबा?”

“तसंच,” आबा म्हणाले. “रात्रपाळीची माणसं कारखान्यात गेली तवा पाणमोट दिसली. चंद्र धुराड्याच्या मागं गेला तवा डोकं आलं. मग सूनबाईनं हात घातला.”

“म्हणजे मध्ये दोन तास तरी गेले.”

“गेले असतील. बाई, मी दोन तास बसलो ते झोपून नाही बसलो. मेंढरू येतं ते आपल्या बळावर येतं, हे आमच्या बापजाद्यांचं शिकणं. शंभर मेंढ्या व्याल्या तर हात लावायची पाळी चार-दोनांवर येते, आणि त्यातल्याही कितीतरी माणसाच्या घाईनं बिघडलेल्या असतात. पोरंसोरं खुराचं टोक दिसलं की ओढाय लागतात. अंग फाटतं, वार आत तुटून राहती, आठ दिसांनी मेंढी कुजून मरती. ओढून मारलेल्या मेंढ्या मी पाहिल्यात. थांबून मेलेल्या कमी.”

मेंढपाळाच्या या थांबण्याला नागर माणूस सहज अज्ञान म्हणून मोकळा होतो. पण ते अज्ञान नव्हे. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते, ते जन्मतः लहान असते, आणि ती स्वतः रोज कोसच्या कोस चालत असल्यामुळे तिचे स्नायू शिथिल होत नाहीत. त्याहून महत्त्वाचे असे की ज्या मेंढीला वाटेवर विता आले नाही तिचा वंश वाटेवरच संपला, आणि ही निवड पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यामुळे या जातीत प्रसूतीची सुलभता हा एक वारसाच होऊन बसला आहे. डॉक्टरबाईंनी हे नाकारले नाही.

“तुम्ही थांबता हे बरोबरच,” त्या म्हणाल्या, “मेंढी कळपातून बाजूला होऊन पुढच्या खुरानं जमीन उकरते, उठते, बसते, मागं वळून पाहते, त्या अवस्थेला चार-सहा तास लागोत, मी स्वतः तिच्याजवळ जाणार नाही. पण पाणमोट फुटली आणि मेंढी डोकं वर करून जोरानं कळा देऊ लागली, की तिथून घड्याळ सुरू होतं. अर्धा तास नेटानं कळा देऊनही काही पुढं सरकलं नाही तर हात धुऊन आत काय आहे ते पाहायचं. पाहायचं म्हणते, ओढायचं नाही. तुमच्या मनात या दोन गोष्टी एक झाल्या आहेत, आणि म्हणून ओढण्याच्या भीतीनं तुम्ही पाहायचंही टाळता. काल अर्ध्या तासानं बोटं आत गेली असती तर डोकं येतंय आणि पाय खाली मुडपलेत हे तेव्हाच कळलं असतं, आणि डोकं अडकून सुजण्याआधी पाय सरळ करता आले असते.”

यावर आबा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे विचारले ते मला फार मार्मिक वाटले. “अन् पाहायला घातलेल्या हाताची घाण आत गेली तर?”

“म्हणून तर हात धुण्याची गोष्ट मी पहिली सांगितली. नखं कापलेली, बांगड्या, अंगठ्या काढलेल्या, कोपरापर्यंत साबण, मेंढीचं मागचं अंगही धुतलेलं, आणि हाताला भरपूर तेल. हातमोजे असले तर उत्तमच. सूनबाईंनी काल काय लावलं होतं?”

“खायचं गोडं तेल.”

“ते चालतं, मात्र स्वच्छ भांड्यातलं. कोरड्या हातानं जे फाटतं, ते तेलाच्या हातानं फाटत नाही.”

त्यानंतरचा त्यांच्या बोलण्याचा भाग असा होता की तेथे दोघांचा विरोध जवळजवळ मावळून गेला. कारण ज्ञान बोटांच्या टोकाशी येऊन थांबले की ते शिकलेले आहे की वंशपरंपरेचे, हा भेद फारसा उरत नाही. बाईंनी शेजारचे एक थोराड कोकरू धरून त्याचे पाय दाखवले. आत अंधारात हाताला पाय लागला तर तो पुढचा की मागचा, हे डोळ्यांनी कळणे शक्य नसते. परंतु पुढच्या पायाचा खुराजवळचा सांधा आणि त्यावरचा गुडघा हे दोन्ही एकाच बाजूला वाकतात, तर मागच्या पायाचा खुराजवळचा सांधा एका बाजूला आणि वरचा ढोपराचा सांधा विरुद्ध बाजूला वाकतो. आबांनी ऐकता ऐकताच हवेत दोन बोटे मुडपून तीच खूण करून दाखवली. त्यांना ती कोणी शब्दांत सांगितलेली नव्हती. पाय पुढचा ठरला तरी त्यावरून हात खांद्यापर्यंत आणि खांद्यावरून मानेपर्यंत नेऊन तो त्याच डोक्याचा आहे याची खात्री करावी लागते, कारण जुळे असले तर एकाचे डोके आणि दुसऱ्याचा पाय एकदम वाटेत येतात, आणि ती दोन्ही मिळून ओढली तर दोन्ही जीव जातात. मागे राहिलेला पाय पुढे आणायचा तर आधी कोकराला आतल्या बाजूला किंचित लोटून जागा करावी लागते, तीही दोन कळांच्या मधल्या उसंतीत, कळ चालू असताना कधीच नाही. आणि खूर तळहाताच्या वाटीत झाकून आणायचा, म्हणजे त्याचे टोक गर्भाशयाला लागत नाही. 

“आणि ओढायची वेळ आलीच तर कळेबरोबर ओढायचं, कळ थांबली की थांबायचं, आणि सरळ मागं न ओढता खाली, मेंढीच्या ढोपरांच्या रोखानं,” बाई म्हणाल्या.

“ते ठावं आहे,” आबा म्हणाले. “जन्माची वाट वाकडी असती.”

“मग उलटं आलेलं कोकरू?”

“मागचे दोन पाय आधी आले तर थांबत नाही. तिथं मी घाई करतो.”

“का करता?”

“नुसतं माहीत आहे, की हळू काढलं तर मेलेलं निघतं.”

बाईंनी कारण सांगितले: डोके आत असतानाच नाळ कटिबंधाच्या हाडाशी दाबली जाते, रक्त थांबते, कोकरू श्वास घेण्याचा यत्न करते आणि आतले पाणी फुप्फुसात ओढून घेते. त्यांनी आणखी एक प्रकार सांगितला, ज्यात फक्त शेपूट वाटेशी येते आणि दोन्ही मागचे पाय पोटाखाली दुमडलेले असतात. तेथे वाट भरलेली नसल्यामुळे मेंढी जोराने कळाच देत नाही, नुसती अस्वस्थ राहते, आणि मेंढपाळाला वाटते की अजून वेळ आहे. थांबण्याच्या शिरस्त्याने सर्वांत अधिक घात होतो तो या प्रकारात. आबांनी हे ऐकून मान हलवली, आणि मला वाटते त्या क्षणी त्यांना एखादी विशिष्ट मेंढी आठवली असावी.

पण विरोध संपला नव्हता. तो पुन्हा उभा राहिला इंजेक्शनावरून. दुकानातून कळांचे इंजेक्शन आणून अडलेल्या मेंढीला टोचण्याचा प्रघात आता वाड्यांपर्यंत पोहोचला आहे, आणि आबांच्या मते ते तरी हातापेक्षा निर्मळ.

“आबा, ते इंजेक्शन मी तुमच्या पिशवीत पाहिलं तर काढून घेईन,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज प्रथमच चढला. “कोकरू आडवं असेल, पाय दुमडलेला असेल, किंवा गर्भाशयाचं मुखच उघडलं नसेल, आणि तुम्ही वरून कळा वाढवल्या, तर गर्भाशय बंद दारावर आपटून फाटतं. मुख उघडलेलं नाही, दोन बोटांपलीकडं हात जात नाही, आणि कडक कड लागते, अशी मेंढी असेल तर ना हात, ना इंजेक्शन. तिला डॉक्टरकडे आणायची, पोट चिरून कोकरू काढावं लागतं. तुमचा थांबण्याचा शिरस्ता मी समजू शकते, या सुईला मात्र मुभा नाही.”

आबा म्हणाले, “आणायची कशी? १९६२ नंबरावर फोन लावायचा, गाडी येती हे ऐकून आहे. पण फोनवर पहिलं विचारतात गाव. आमचं गाव कोणतं सांगू? काल हे रान, परवा ते. तुमचा दवाखाना एका जागी, आमची मेंढी वाटेवर.”

पशुवैद्यकीय सेवेची आपली सारी रचना दवाखाना, त्याचा इलाखा आणि त्या इलाख्यातील गावे या पायावर उभी आहे, आणि १९६२ या क्रमांकावर मिळणारी फिरती पथके हा त्या रचनेचा स्तुत्य विस्तार आहे. परंतु मुक्काम हाच ज्यांचा पत्ता आहे, अशा कळपाच्या रात्रीच्या दोन वाजताच्या संकटाला कोणतीही रचना अर्ध्या तासात पोहोचू शकणार नाही, हे मान्य केल्यावाचून गत्यंतर नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की मेंढीच्या अडलेल्या प्रसूतीत पहिला अर्धा तास सरकारचा किंवा डॉक्टरचा नसून वाड्याचा असतो, आणि त्या अर्ध्या तासाची विद्या वाड्याबरोबर चालत राहिली पाहिजे. मेंढ्यांच्या विकासासाठी राज्याने अहिल्यादेवींच्या नावाचे महामंडळ काढले, विमे काढले, अनुदाने दिली. या विद्येची तजवीज तितक्याच तळमळीने व्हावयास हवी.

ही विद्या कोणाच्या हातात असावी, यावर मात्र एक अनपेक्षित अडचण निघाली. आबा म्हणत होते की त्यांचा पंजा मोठा, सूनबाईचा हात लहान, म्हणून हे काम तिचेच. आणि खरोखरच मेंढीच्या बाबतीत लहान हाताइतके मोलाचे उपकरण दुसरे नाही. बाईंनी सूनबाईंना जवळ बोलावले आणि हळू आवाजात काही विचारले. मग त्या आबांकडे वळून म्हणाल्या, “या खेपेला ताईंना मेंढीजवळ जाऊ द्यायचं नाही. वार, पाणी, मेलेलं कोकरू, कशालाच हात लावायचा नाही, कपडेसुद्धा दुसऱ्यांनी धुवायचे. मेंढीचं गाभ टाकणारे काही रोग आहेत, ब्रुसेलोसिस, क्यू-ताप, आणखीही, ते व्यायच्या वेळच्या पाण्यातून माणसाला लागतात आणि दिवस गेलेल्या बाईच्या पोटातल्या जिवाला धोका करतात. गाभडलेल्या मेंढीची वार कुत्र्यांपुढं टाकू नका, खोल पुरा, वर चुना घाला.” आबांचा चेहरा गंभीर झाला. ज्या हातावर वाडा विसंबून आहे, तोच हात वर्षानुवर्षे सर्वांत अधिक जोखमीत असतो, ही गोष्ट धनगरवाड्यावर कोणी बोलत नाही. आणि ज्यांनी बोलावयास हवी ते शिकलेले लोक मेंढी वाचवण्याच्या पद्धती सांगतात, वाचवणाऱ्या बाईविषयी क्वचितच सांगतात.

यानंतर बोलणे अडण्याच्या कारणांकडे वळले, आणि त्यात आबांचा धाकटा मुलगा, जो जवळच्याच कारखान्यात कंत्राटावर सळईच्या गाड्या भरतो, येऊन बसला. त्याचे म्हणणे असे की गायराने राहिली नाहीत, समृद्धी महामार्ग झाला, प्लॉट पडले, कुंपणे आली. आता पन्नास मेंढ्या बंदिस्त ठेवाव्यात, जुळी देणाऱ्या ठेवाव्यात, आणि दोघांनी घर चालवावे. फलटणला बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील लहानखुऱ्या गरोल मेंढीमधील जुळी देणारे जनुक दख्खनी रक्तात आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली, हे त्याला ठाऊक होते.

“दोन कोकरं म्हणजे दोन पायांची गुंतागुंत दुप्पट,” आबा म्हणाले. “अन् दूध? एका आचळावर एक, दुसऱ्यावर एक, चालताना एक मागं राहतं. आमच्या चालण्यात जुळं म्हणजे अर्धं मरण.”

“चालण्यात तुमचं खरं,” बाई म्हणाल्या, “पण तो चालणार नाही म्हणतोय. जुळी लहान असतात, म्हणून वाटेत अडकत कमी, गुंततात जास्त. आणि गुंता सोडवता येतो, मोठं डोकं लहान करता येत नाही. माझी काळजी वेगळी आहे. तुझ्या बंदिस्त मेंढ्या चालणार नाहीत, आणि तू प्रेमानं पेंड घालत राहशील. गर्भाची सत्तर टक्क्यांच्या आसपास वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. एकाच कोकराची मेंढी त्या दिवसांत खाऊन फुगली तर कोकरू मोठं होऊन अडतं. आणि जुळ्याच्या मेंढीला त्याच दिवसांत ज्वारी-मका कमी पडली तर ती आपलीच चरबी जाळून विषबाधेनं आडवी पडते. दोन्ही मेंढ्या बाहेरून सारख्याच दिसतात. वडील त्यांना चालवतात म्हणून ही चूक त्यांच्याकडून होत नाही. तुला मेंढ्या निवडून वेगळ्या बांधाव्या लागतील. आणि मोठ्या चणीचा एडका पहिलारूवर सोडू नकोस. जतकडचा माडग्याळ दिसायला देखणा, भाव चांगला, पण लहान चणीच्या दख्खनी पहिलारूला त्याचं कोकरू पेलेलच असं नाही.”

मुलाने विचारले, कालची मेंढी ठेवायची की विकायची. आबांचा निकाल ठरलेला होता: जी अडली ती बाजारात, तिची पाटही ठेवायची नाही. यावर बाईंनी जो भेद केला तो मला न्याय्य वाटला. कटिबंध अरुंद असलेली, दर वेताला अंग बाहेर टाकणारी, कोकराला जवळ न घेणारी मेंढी काढून टाकावी, कारण ते दोष पुढे उतरू शकतात. परंतु पाय मुडपून येणे हा बहुधा त्या रात्रीचा अपघात असतो, आणि अपघाताची शिक्षा वंशाला देण्यात कळपाचेच नुकसान आहे. आबा मानले नाहीत. “तुमचं शास्त्र तिला माफ करतं,” ते म्हणाले, “पण पुढल्या साली ती मंठ्याच्या रानात अडली तर माफी मी मागायची कुणाला?” या उत्तराला खोडून काढणे सोपे नाही, कारण वाटेवर चालणाऱ्याला अपघाताचीही किंमत मोजावी लागते, तरीही, एका वेतावरून चांगली मेंढी खाटकाच्या दोरीला बांधली जावी हे मला पटले नाही, आणि मी तसे बोललो. आबा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. “एक वेत बघू,” एवढेच म्हणाले.

तोपर्यंत सुजलेल्या तोंडाचे कोकरू बाईंच्या मांडीवर धडपडू लागले होते. त्याला स्वतः चोखता येत नव्हते, म्हणून त्यांनी मेंढीचा चीक वाटीत पिळून नळीने त्याच्या पोटात घातला, आणि घालताना नळी श्वासनलिकेत न जाता अन्ननलिकेत गेली आहे हे मानेवरून बोट फिरवून दाखवले. मेंढीच्या वारेतून कोकराला रोगप्रतिकाराचे काहीच मिळत नाही. ते सारे चिकातून मिळते, आणि आतड्याची ते शोषण्याची शक्ती तासातासाने घटत चोवीस तासांत संपते. तीन किलोच्या कोकराला पहिल्या दोन-तीन तासांतच दीडशे मिलिलिटर चीक पोटात जायला हवा. काढून वाचवलेले कोकरू थंडीत चिकावाचून पहाटेपर्यंत मरते, आणि मग लोक म्हणतात की हात घातला म्हणून मेले. नाळेला आयोडीन लावले होते का, या प्रश्नावर मुलाने “हळद लावली,” असे सांगितले. बाईंनी पिशवीतून टिंक्चरची बाटली काढून त्याच्या हातात दिली.

“हे सगळं शिकवा,” आबा म्हणाले, “पण मला नाही. माझा पंजा मोठा. अन् सूनबाईला या साली नको. माझ्या थोरल्या बहिणीला शिकवा. तिचा हात लहान आहे, अन् ती कुणाचं ऐकत नाही, तुमचं ऐकंल. मात्र वाड्यावर येऊन शिकवा. दवाखान्यात मेंढी अडत नसती.”

“येईन. पुढचे मुक्काम कुठले?”

“अमावस्येपर्यंत इथं. मग रामनगरकडं, तिथून मंठा, अन् परतूरच्या अंगाला संक्रांत.”

“शेताच्या मालकांची नावं सांगा,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी मुलाकडून पेन घेतले.